यंत्रदृष्टी आणि समुद्राची राखण

ज्या जलाशयाचा पलीकडचा काठ दिसतो त्याची राखण करणे सोपे असते. रायपूर शहरातील बूढ़ापारा भागात बूढ़ा तालाब हा जुना व विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला पाण्यात कोण उतरले, कोणी जाळे टाकले, हे मान वळवताच कळते. समुद्राच्या बाबतीत ही सोय नाही. समुद्राला पलीकडचा काठ नसतो, त्यावर कुंपण घालता येत नाही, आणि जाळे पाण्यात गेले की ते कोणत्या प्रकारचे आहे, त्याचे आस किती बारीक आहेत, हे किनाऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून मासेमारीचे कायदे करणे हे काम जितके अवघड, त्याहून ते पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम कितीतरी अधिक अवघड ठरत आले आहे.

गेल्या काही दशकांत या कामी एक नवे साधन आले आहे. कॅमेऱ्याने, रडारने किंवा उपग्रहाने टिपलेले चित्र संगणकाने स्वतः तपासावे व त्यात नौका आहे काय, ती काय करीत आहे, जाळ्यात कोणता मासा आला आहे, हे सांगावे, अशी ही व्यवस्था आहे. तिला यंत्रदृष्टी असे म्हणतात. हे साधन काय करू शकते, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग कसा होऊ शकेल, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

कायदा कशासाठी?

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीचा एक जुना प्रकार म्हणजे रापण. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते व दुसरे टोक पुन्हा किनाऱ्यावर आणते. मग पन्नास-साठ माणसे दोन्ही टोके ओढतात आणि आलेली मासळी ठरलेल्या वाट्यांप्रमाणे वाटली जाते. रापणीचे यश मासळी किनाऱ्याजवळ येण्यावर अवलंबून असते. मासळीचा थवा दूर समुद्रातच पकडला गेला, तर किनाऱ्यावरील सारा गाव रिकाम्या हाताने परततो.

यांत्रिक नौका आल्यावर हाच संघर्ष उभा राहिला. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो. पर्ससीन नौका मासळीच्या संपूर्ण थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करते आणि बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळून घेते. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने या नौकांविरुद्ध आंदोलन केले. त्यानंतर गोव्यात १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राने १९८१ साली असाच कायदा केला. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवावे, मोठ्या नौकांनी ठरावीक खोलीच्या बाहेर राहावे, आणि मासळीच्या विणीच्या काळात समुद्राला विश्रांती द्यावी, हे या कायद्यांचे सूत्र होय. खोलीचे माप येथे वावांत मोजतात, आणि किती वाव पाण्यात कोणी जाळे टाकावे हा प्रश्न किनाऱ्यावरील गावांत भाकरीचा प्रश्न असतो.

पुढे साधने बदलली तसे नियमही बदलले. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले. रात्री नौकेवर जनित्र चालवून प्रखर एलईडी दिवे लावायचे, त्या प्रकाशाकडे दूरवरची मासळी गोळा करायची आणि ती एकाच वेढ्यात उचलायची, ही पद्धत फोफावल्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीला बंदी केली. महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन एलईडी दिव्यांच्या मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. तथापि दंड कितीही मोठा असला, तरी गुन्हा दिसल्यावाचून तो आकारता येत नाही. राखणीचा प्रश्न येथे सुरू होतो.

क्षितिजाचा हिशेब

पृथ्वी गोल असल्यामुळे दृष्टीला एक निश्चित मर्यादा पडते. निरीक्षकाच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्याला सुमारे ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच धरला, तर त्याचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर येते. राज्याच्या अखत्यारीतील जलधी क्षेत्र १२ सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचे आहे. त्याच्या कडेपर्यंत पाणी दिसायचे तर डोळा ४० मीटर उंचीवर असावा लागेल. शंभर मीटर उंचीवरून क्षितिज ३५ किलोमीटरच्या पुढे जाते. डोंगरकड्यावर दीपगृह बांधणाऱ्यांना हे गणित पूर्वीपासून ठाऊक होते.

महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर लांब आहे. त्याला २२ किलोमीटरने गुणले, तर राखणीचे क्षेत्र ढोबळमानाने १६ हजार चौरस किलोमीटर भरते. काही मोजक्या गस्ती नौकांनी एवढे पाणी पाहणे अशक्यप्राय आहे. शिवाय गस्ती नौका बंदरातून सुटली की तिची वार्ता दूरध्वनीवरून तिच्या आधीच समुद्रात पोहोचते.

या अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये किनाऱ्यावर ड्रोनद्वारे देखरेख सुरू केली. पालघर जिल्ह्यातील शिरगाव, ठाणे जिल्ह्यातील उत्तन, मुंबईतील गोराई व ससून गोदी, रायगडमधील रेवदंडा व श्रीवर्धन, रत्नागिरीतील मिरकरवाडा व साखरीनाटे आणि सिंधुदुर्गातील देवगड अशी नऊ ठिकाणे त्यासाठी निवडण्यात आली. ड्रोनमुळे डोळा उंचावर गेला व तो हलताही झाला. परंतु ड्रोन केवळ चित्र पाठवतो. त्या चित्राचा अर्थ लावण्यासाठी पडद्यासमोर माणूस बसवावा लागतो, आणि तासन् तास रिकामे पाणी पाहताना कोणाही माणसाचे लक्ष उडते. यंत्रदृष्टीची गरज भासते ती याच टप्प्यावर.

यंत्र कसे पाहते?

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे संख्यांचा तक्ता होय. चित्राचे अतिशय लहान चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाची उजळता एका संख्येने दाखविलेली असते. शून्य म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा यांसाठी तीन वेगळे तक्ते असतात. या लाखो संख्यांतून ‘नौका’ ही कल्पना काढायची, हे यंत्रापुढील काम असते.

त्यासाठी संख्यांची एक लहानशी चौकट साऱ्या तक्त्यावरून ओळीने सरकवली जाते. जेथे उजेड एकाएकी अंधारात बदलतो, तेथे एक प्रकारची चौकट मोठी संख्या देते. जेथे तिरपी रेषा असते, तेथे दुसरी. या पहिल्या थरातून कडा व रेषा मिळतात. पुढच्या थरांत कडांपासून कोपरे व वळणे जुळतात, आणि त्याहून पुढच्या थरांत नाळ, केबिन, डोलकाठी अशा आकारांना प्रतिसाद मिळू लागतो. चौकटींतील संख्या कोणी हाताने भरत नाही. माणसांनी आधी ओळखून ठेवलेली हजारो चित्रे यंत्राला दाखवली जातात. यंत्राचे उत्तर चुकले की त्या संख्यांत किंचित बदल केला जातो, आणि ही क्रिया लक्षावधी वेळा घडते. लहान मुलाला बंदरावर नेऊन ही डोलीची होडी, हा ट्रॉलर, असे पुन्हा पुन्हा दाखवावे, त्याच्याशी या शिक्षणाचे साम्य आहे. मात्र मुलाला चार होड्या पुरतात. यंत्राला हजारो लागतात.

आकाशातील डोळे

उपग्रहांची दृष्टी याच तत्त्वावर चालते, परंतु तिचे चौकोन फार मोठे असतात. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातील एक चौकोन १० मीटरचा असतो. पंधरा मीटर लांबीची नौका त्यात दीड चौकोन व्यापते. तिचे नाव वाचणे तर दूरच, ती नौका आहे की फेसाळलेली लाट आहे, हे ठरविणेही कठीण जाते. त्यात पावसाळी ढगांची भर पडते. सेंटिनेल-१ हा उपग्रह रडारच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. या लहरी ढगांतून व अंधारातूनही जातात. शांत पाणी त्यांना दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून समुद्र काळा दिसतो. लोखंडी नौका त्यांना माघारी धाडते, म्हणून ती तेजस्वी ठिपक्यासारखी दिसते. लाकडाच्या किंवा फायबरच्या लहान होड्या मात्र या चित्रातून बहुधा निसटतात.

तिसरा मार्ग रात्रीच्या दिव्यांचा आहे. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावरील उपकरण मध्यरात्रीनंतर अत्यंत मंद प्रकाशही टिपते, आणि त्या चित्रातून दिवे लावलेल्या नौका शोधणारी गणनपद्धती पुढे तयार करण्यात आली. त्यातील एक चौकोन सुमारे पाऊण किलोमीटरचा असतो. दिवा कोठे आहे हे त्यातून समजते. तो कोणाचा आहे हे समजत नाही. पौर्णिमेची रात्र आणि ढग यांमुळेही त्यात घोटाळा होतो. तरीही दिव्यांची मासेमारी रात्रीमागून रात्र कोणत्या पट्ट्यात चालते, एवढी माहिती गस्ती नौका योग्य जागी पाठवण्यास पुरेशी असते.

हे सर्व डोळे एकत्र केल्यास काय साधते याचे उदाहरण उत्तर कोरियाच्या समुद्रात मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे त्या पाण्यात परदेशी नौकांना मासेमारी करण्यास मनाई होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चार प्रकारची उपग्रह-साधने एकत्र वापरून असे दाखविण्यात आले, की २०१७ मध्ये चीनमधून आलेल्या ९०० हून अधिक नौका व २०१८ मध्ये सुमारे ७०० नौका तेथे म्हाकूल पकडत होत्या. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरच्या समुद्रांचा असाच अभ्यास आला. २०१७ ते २०२१ या काळातील उपग्रहचित्रे तपासून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की औद्योगिक मासेमारी करणाऱ्या जगातील सुमारे तीन चतुर्थांश नौकांचा ठावठिकाणा सार्वजनिक नोंदींत दिसतच नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नोंदीत न दिसणारी प्रत्येक नौका चोरटी नसते. अनेक देशांत लहान व मध्यम नौकांवर स्थानदर्शक यंत्र बसविण्याची सक्तीच नाही. भारतात २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यासाठी अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून वापरली. त्यानंतर नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे व किनाऱ्यावरील रडार यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. १ लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसविण्याचा तिचा संकल्प आहे. या यंत्रावरून नौकेचे स्थान कळते, वादळाची सूचना तांडेलापर्यंत पोहोचते आणि संकटात सापडलेली नौका मदत मागू शकते. उपग्रहाचे चित्र व ट्रान्सपाँडरची नोंद यांची तुलना केली, म्हणजे चित्रात असलेली पण नोंदीत नसलेली नौका वेगळी काढता येते.

नौकेवरील कॅमेरा

नौका कोठे आहे हे दुरून कळते. तिच्या जाळ्यात काय आले हे मात्र नौकेवरच पाहावे लागते. यासाठी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने घालून दिलेला पायंडा अभ्यासण्याजोगा आहे. तेथे तळाशी राहणारी मासळी गळांनी व सापळ्यांनी पकडणाऱ्या नौकांवर २००६ पासून कॅमेरे आले. तांडेल आपल्या वहीत पकडीची नोंद करतो. नंतर चित्रफितीचा सुमारे १० टक्के भाग यदृच्छेने निवडून वहीशी ताडून पाहिला जातो. दोन्ही जुळले तर वहीच प्रमाण मानली जाते. फार तफावत आढळल्यास सारी चित्रफीत तपासली जाते व त्याचा खर्च नौकेवर पडतो. कोणता भाग निवडला जाईल हे ठाऊक नसल्यामुळे वही खरी लिहिणेच फायद्याचे ठरते. ही योजना उभी राहिली ती माणसांच्या डोळ्यांवर; यंत्रदृष्टी पुढे तिच्या मदतीला आली.

ऑस्ट्रेलियाने पूर्व किनाऱ्यावरील ट्यूना मासेमारीत २०१५ पासून कॅमेरे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार १८ मीटर व त्याहून लांब नौकांपैकी ज्यांच्याकडून पकडलेली मासळी समुद्रात फेकून दिली जाण्याचा धोका अधिक आहे, त्यांवर २०२८ पासून कॅमेऱ्याची देखरेख यावयाची आहे. या सर्व ठिकाणी अडचण एकच. शेकडो नौका महिनोन् महिने चित्रण करीत राहिल्या तर ते पाहणार कोण? यंत्राने रिकामे तास वगळून मासळी वर येण्याचे क्षण वेगळे काढले, तरी परीक्षकाचे बरेचसे श्रम वाचतात.

मासळी ओळखणे व तिची लांबी मोजणे ही पुढची पायरी होय. याला कायद्याचाही आधार आहे. केरळात बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा व तारली १० सेंटिमीटरपेक्षा लहान पकडण्यास मनाई आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. विणीला येण्यापूर्वीच पापलेटची पिल्ले बाजारात आली, तर पुढील हंगामाचे बियाणेच खाल्ल्यासारखे होते. मासळी ठरावीक उंचीवरच्या कॅमेऱ्याखालून एकेक जाईल अशी व्यवस्था असल्यास तिची लांबी मोजणे यंत्राला कठीण नाही. लांब दोरीच्या गळांवर मासा एकेक करून वर येतो, म्हणून ट्यूनाच्या नौकांवर हे साधते. डोल जाळ्याचे खोळ नौकेवर रिकामे केले की बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी यांचा एकच ढीग पडतो. वरची मासळी खालच्या मासळीला झाकते. थंड समुद्रांतील मोजक्या जातींवर शिकलेले यंत्र या ढिगापुढे गोंधळून जाते.

यंत्राची चूक आणि माणसाचे नुकसान

२०१६-१७ मध्ये ट्यूना नौकांवरील छायाचित्रांतून मासे ओळखण्याची एक जागतिक स्पर्धा झाली. छायाचित्रे थोड्याच नौकांवरील असल्यामुळे माशाऐवजी नौकेचीच ओळख लक्षात ठेवून उत्तर देण्याचा धोका यंत्रांपुढे होता, आणि अपरिचित नौकांची छायाचित्रे समोर आल्यावर अचूकता टिकवणे ही या स्पर्धेतील खरी कसोटी ठरली. ज्या पाण्यात यंत्र वापरायचे, त्याच पाण्यातील चित्रांवर ते तपासले पाहिजे, हा त्यातील धडा होय.

दुसरा धोका गणिताचा आहे. तो एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका रात्री १,००० नौका समुद्रात आहेत व त्यांतील २० नियम मोडीत आहेत. यंत्र शंभरांत ९५ वेळा बरोबर उत्तर देते. ते २० पैकी १९ दोषी नौका पकडील, हे उत्तमच झाले. पण उरलेल्या ९८० निर्दोष नौकांपैकी शेकडा ५ म्हणजे ४९ नौकांवरही ते बोट ठेवील. संशयित ठरलेल्या ६८ नौकांत दोषी केवळ १९! पंचाण्णव टक्के अचूकतेचा दावा ऐकून थेट दंडाची नोटीस धाडली, तर दोषींपेक्षा निर्दोष माणसेच अधिक भरडली जातील. ज्याची नौका कर्जाची आहे व ज्याच्या खलाशांचे घर पकडीच्या वाट्यावर चालते, त्याला लाखांचा दंड आणि हंगामात अडकून पडलेली नौका म्हणजे सर्वनाशच.

म्हणून यंत्राचे उत्तर संशय समजावे, निकाल समजू नये. संशयित नौकेकडे गस्ती नौका पाठवावी, जाळे व दिवे प्रत्यक्ष पाहावेत, मूळ चित्र वेळ व स्थानासह जपून ठेवावे, आणि ते पाहण्याचा व खोडून काढण्याचा हक्क तांडेलाला असावा. चित्रांवर कोणाचा ताबा राहील हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. चांगल्या पकडीची जागा ही तांडेलाची पिढीजात ठेव असते. ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडता कामा नये. नौका हे खलाशांचे कामाचे ठिकाण तसेच काही दिवसांचे घरही असते, तेव्हा कॅमेऱ्याचे तोंड जाळ्याकडे असावे, माणसांच्या विश्रांतीच्या जागेकडे नसावे.

मच्छीमाराच्या बाजूचा साक्षीदार

कॅमेरा म्हणजे केवळ शासनाचा हेर, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात देवमासा, बहिरी मोरी म्हणून ओळखला जाणारा व्हेल शार्क, समुद्री कासव यांसारखा संरक्षित प्राणी अडकला व मच्छीमाराने जाळे कापून तो सोडून दिला, तर त्याला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत द्यावी लागते. येथे कॅमेरा मच्छीमाराच्या बाजूने साक्ष देतो. हीच दृष्टी अधिक व्यापक करता येईल. परप्रांतीय ट्रॉलरने आपली जाळी तोडली अशी तक्रार किनाऱ्यावरचा लहान मच्छीमार वर्षानुवर्षे करतो आणि पुराव्याअभावी ती वाऱ्यावर जाते. उपग्रह, ड्रोन व ट्रान्सपाँडर यांच्या नोंदी त्यालाही उपलब्ध झाल्या, तर त्याच्या शब्दाला वजन येईल.

देखरेखीचा भार कोणावर किती असावा, याचा निर्णयही सरसकट करता येणार नाही. मोठ्या यांत्रिक नौकेवर कॅमेरा बसविणे न्याय्य आहे, कारण तिची पकड मोठी व नियम मोडल्यास होणारी हानीही मोठी. दोन माणसांच्या होडीवर तोच खर्च लादणे अन्यायाचे होईल. यंत्र दिसेल तेवढेच पाहते. लोखंडी नौका, मोठे दिवे, लांबचा पल्ला हे त्याला दिसते. लहान होडी त्याच्या नजरेतून निसटते, तशीच ती योजनाकारांच्या नजरेतूनही निसटण्याची भीती असते.

रापणीची दोरी ओढणाऱ्या हातांना समुद्रात नियम पाळले जात आहेत असा भरवसा मिळावा, यासाठी ही सारी साधने आहेत. तो भरवसा चित्रांच्या संख्येने वाढत नाही. दिसलेल्या गुन्ह्यावर वेळेवर कारवाई झाली, निर्दोष माणूस सुटला आणि मोठ्या नौकेला व लहान होडीला एकच न्याय लागला, तरच तो वाढतो. ते काम माणसांचे आहे.